बुधाजी तांडेल आणि बोलका डबा

बुधाजी तांडेल सकाळी मोरीतून "शेवंते, टॉवेऽऽल!" म्हणून ओरडला की त्याच्या बायकोच्या आधी समोरच्या चाळीतल्या दोन शेवंता टॉवेल घेऊन गॅलरीत यायच्या. सारं लालबाग त्याला आवाजावरून ओळखायचं. तोंडावरून ओळखणारे थोडे, कारण ओरडताना त्याच्या तोंडासमोर फार वेळ कोणी उभं राहत नसे.

"त्येंका हळू बोलूक येतच नाय," शेवंती शेजारणींना सांगायची. "लग्नात माजा नाव घेतल्यानी, तां नदीच्या पल्याड आयकाक गेला. थयची माणसां जेवूक इली."

आवाज असा व्हायला कारण होतं. बुधाजी माझगावच्या एका लाँच-कंपनीत 'रत्नप्रभा' नावाच्या लाँचीवर एकोणीस वर्षं तांडेल होता. म्हणजे सुकाणू त्याच्या हातात आणि लाँचीवर काय व्हायचं, काय नाही, ते त्याच्या जिभेवर. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं आणि बाहेर नांगरून पडलेल्या जहाजांना भायखळ्याची भाजी, टपाल, सुटे भाग, कधी रजेवरून परतलेला खलाशी असं काय काय पोचवायचं. दर्यात दोन बोटींच्या मध्ये पाणी असतं, वारा असतो, खाली इंजिन धडधडत असतं. तिथे हळू बोलणाऱ्याचं ऐकतो कोण? बुधाजी तोंडाशी दोन्ही हातांची ओंजळ धरायचा आणि "ओऽऽऽ शिडी सोडाऽऽ" अशी हाळी द्यायचा. अर्ध्या मैलावरच्या जहाजाची शिडी खाली यायची. शेजारच्या जहाजाचीही यायची.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांत या गळ्याला भलताच भाव होता. एकदा परळच्या सभेत ऐन रंगात कर्णा बंद पडला. पोरांनी बुधाजीला कर्ण्याच्या जागी टेबलावर उभं केलं. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रऽऽ" एवढं तो बोलला आणि पुढचं "झालाच पाहिजे!" शिवडीपर्यंतच्या लोकांनी म्हटलं. त्यानंतर तो कर्णा कोणी दुरुस्तच केला नाही.

असा हा सुखी माणूस. आणि एकोणसाठ सालच्या आरंभाला त्याच्या सुखात एक डबा आला.

डबा लोखंडी, करड्या रंगाचा, प्रवासाच्या लहान ट्रंकेएवढा. दोन माणसांनी येऊन तो सुकाणूच्या शेजारी स्क्रूने ठोकला. त्याच्या पोटात जाळी, जाळीतून आवाज येणार. बाजूला आकड्यावर टेलिफोनसारखा हात टांगलेला, आणि त्या हाताच्या दांड्यावर एक बटण. वर छपरावर एक काठी उभी केली. या सगळ्याला म्हणायचं व्ही.एच.एफ. रेडिओ. बुधाजीने त्याच दिवशी त्याचं नाव डबो ठेवलं आणि विषय संपवला.

पण विषय संपवणं त्याच्या हातात नव्हतं. कंपनीचे मोठे साहेब म्हणजे सोराबजी कप्तान. पारशी, गोरेपान, पोट पुढे आणि राग त्याच्याही पुढे. ते धक्क्यावर येऊन उभे राहिले.

"बुधाजी! आता हे बोंब मारायचा धंदा बंद. काय समजला? ऑफिसमधी मी बोलेल, दर्यामधी तू बोलेल, एकदम जेन्टलमॅनसारखा. पंधरा तारीखला टेस्ट. तिन्ही तांडेलची. निरोप मराठीमधी दिला तरी चालेल, पण बोलवायची रीत बराबर पायजे. जो पास होयेल तो सुकाणू धरेल."

"आणि जो नाय होवचो तो?" बुधाजीने विचारलं.

"तो गोदाममधी बसेल. दोरखंड सांभाळेल. पगार तोच, डिकरा, काळजी नको."

पगार तोच, पण बुधाजीला तो सौदा परवडणारा नव्हता. कारण जमिनीवर सलग चार तास काढले की बुधाजीला गरगरायचं. इतरांना बोट लागते, बुधाजीला जमीन लागायची. रविवारी तो घरातल्या घरात पाय फाकवून, भिंतीला हात टेकत चालायचा, जशी काय चाळच आत्ता डाव्या अंगाला कलंडणार. गोदामात, न हलणाऱ्या स्टुलावर, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा! त्याच्या डोळ्यांपुढे आताच दोरखंड फिरायला लागले.

*

शिकवायला ऑफिसातून कमलाकांत आगासकर आले. गिरगावात खोताच्या वाडीच्या पलीकडे तीन पिढ्यांचं घर, पांढरी इस्त्रीची पँट, खिशात दोन रुमाल, आणि मराठी अशी की प्रत्येक शब्दाला वेगळा पाट मांडून बसवल्यासारखी. माझगावच्या ऑफिसातला रेडिओ तेच सांभाळायचे. रेडिओबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं. दर्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की तो हलतो.

"हे पाहा, तांडेल," कठड्याला घट्ट धरून आगासकर म्हणाले, "प्रथम, ज्याला बोलवायचं आहे त्याचं नाव तीन वेळा. नंतर 'धिस इज'. नंतर आपलं नाव, तेही तीन वेळा. नंतर निरोप. आणि शेवटी 'ओव्हर', म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. बोलताना बटण दाबायचं. ऐकताना सोडायचं. दाबून ठेवलंत तर आपल्याला काहीही ऐकू येणार नाही आणि दुसऱ्या कुणाला बोलताही येणार नाही. सोपं आहे की नाही?"

"सोपा आसा, मास्तर," बुधाजी म्हणाला आणि त्याने गर्रकन सुकाणू फिरवलं.

रत्नप्रभा जागच्या जागी अर्धी वळली. आगासकर कठड्यासकट वळले.

"अहो, काय करताय!"

"तोंड माझगावाकडे केलंय. ऑफिस थय आसा मा? पाठ करून कसा बोलतलंय? बरा दिसता?"

"तांडेल, तोंड कुठेही असलं तरी चालतं. लहरी सगळीकडे जातात."

"तां तुमका वाटता," बुधाजी समजावणीच्या सुरात म्हणाला. एकोणीस वर्षं त्याने हाळ्या मारल्या होत्या, वाऱ्याकडे पाठ करून मारलेली हाळी कुठे जाते ते त्याला माहीत होतं. मग त्याने डब्याचा हात उचलला, हातभर लांब धरला, छाती भरून घेतली, आणि:

"माझगाऽऽऽऽव!"

डब्याने एक किंचाळी फोडली. छपरावरचे दोन बगळे उडाले. खाली इंजिनावर आनंदा होता. परळला राहणारा, मूळचा साताऱ्याकडचा गडी. तो तेलकट फडकं हातात घेऊन वर आला.

"काय बुडलं?"

"कोण नाय. मी शिकतंय."

"आसं व्हय. मला वाटलं बुडलं कोनतरी," आनंदा म्हणाला आणि निराश होऊन खाली गेला.

माझगावचं ऑफिस तिथून दिसत होतं. तिथला शिपाई गॅलरीत येऊन हात हलवून सांगत होता की ऐकू आलं. पण ते डब्यातून नव्हे, खिडकीतून.

दुसऱ्या दिवशी आवाज थोडा उतरला, तर बटण उलटं झालं. बुधाजीच्या हाताची सवय अशी की बोलताना हात मोकळा आणि ऐकताना मूठ आवळलेली. त्यामुळे तो बोलायचा तेव्हा कोणी ऐकत नसे आणि ऐकायचा तेव्हा त्याचा श्वास सगळ्या बंदरभर जायचा. तिसऱ्या दिवशी बटण सुधारलं, तर रीत बिघडली.

"माझगाव, माझगाव, माझगाव. बरा मा? जेवलास? घराकडे काय म्हणतत?"

"कुशल विचारायचं नाही!" आगासकर रुमालात तोंड धरून म्हणाले. बोट लागून ते हिरवे पडायला लागले होते.

"कामाचाच बोलाचा?"

"कामाचंच."

"माणूस कसो काय म्हणून सुदीक इचारूचा नाय?"

"नाही."

"मगे शिव्या?"

"अहो, मुळीच नाही! सगळं बंदर ऐकत असतं."

बुधाजी सुकाणूला टेकून बसला. खुशाली नाही, शिवी नाही. मग माणसाशी बोलायला उरलं काय? मालवणी माणसाच्या वाक्यातून या दोन गोष्टी काढल्या तर मागे फक्त श्वास राहतो. त्याने प्रयत्न केला. हात उचलला, बटण दाबलं, तोंड उघडलं. तोंड बराच वेळ उघडंच राहिलं. मग त्याने बटण सोडून हात आकड्याला लावला.

"मास्तर," तो म्हणाला, "गोदामात खिडकी आसा?"

*

पंधरा तारखेला आठ दिवस उरले तेव्हा शेवंतीने देव पाण्यात घातले. देव्हाऱ्यातले सगळे टाक पितळेच्या तपेलीत बुडवले आणि नवऱ्याला सांगितलं, "सुकाणू ऱ्हवला काय काडीन. तोपर्यंत ते बुडान बसतीत, आणि तुमी शिका."

म्हणजे आता एकट्या बुधाजीचा प्रश्न राहिला नव्हता. कुलदैवत गळ्याइतक्या पाण्यात होतं.

संध्याकाळी जेवणाआधी सराव सुरू झाला. डब्याचा हात म्हणून लाटणं, बटण म्हणून लाटण्याची मूठ, आणि माझगावचं ऑफिस म्हणून चुलीसमोर बसलेली शेवंती. खोलीचं दार उघडं, आणि दारात अर्धी चाळ. लाटण्यात बोलणारा तांडेल रोज कुठे बघायला मिळतो?

"माझगाव, माझगाव," बुधाजी सुरू झाला, "मी... धिस... थांब गो. आधी माजा नाव काय आधी तुजा?"

"पीठ लाटण्याक लागलेला आसा, तां मिशेक लागता," ऑफिसाने कळवलं.

"आधी तुजा नाव. मगे धिस इज. मगे... ओवर आधी सांगूचा काय मागसून? डोक्यात ऱ्हवणाच नाय गो! हां काय बोलणां आसा? आधी नावां, मगे नावां, मगे काम, मगे तो ओवर. असा कोण बोलता खंय?"

शेवंतीची भाकरी तव्यावर फुगली होती. ती तिने उलटली आणि मान न वळवता म्हणाली, "तुमी बोलतास."

"मी?"

"दर वर्साक जत्रेत. देवळासमोर उबे ऱ्हवन. आधी काय म्हणतास? देवाचा नाव. ह्या नाव, त्या नाव, तीन तीनदा. मगे काय? 'आज हय तुजी लेकरां उबी आसत', म्हणजे आपला नाव. मगे मागणां. आणि मगे गप ऱ्हवतास, कित्याक? लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हणाक होया म्हणून. मगे हां काय येगळा आसा? गाऱ्हाणां आसा हां! गाऱ्हाणां घालणाऱ्याक शिकवणी लागता व्हय?"

लाटणं बुधाजीच्या हातात तसंच राहिलं.

खरंच की. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. आजा घालायचा, बाप घालायचा, आणि बाप गेल्यापासून बुधाजी. कुणी बोंब मारून गाऱ्हाणं घालत नाही. देव बहिरा नसतो. आवाज खालचा, सरळ, एकेक शब्द सुटा, घाई नाही, शिवी नाही. मागणं नेमकं, नाहीतर देव भलतंच देतो. आणि बोलून झालं की थांबायचं. दुसऱ्याचं ऐकायला थांबायचं.

त्याने लाटणं तोंडाजवळ घेतलं. पहिल्यांदाच हातभर लांब न धरता, वीतभर अंतरावर.

"बा माझगावा, माझगावा, माझगावा. धिस इज रत्नप्रभा, रत्नप्रभा, रत्नप्रभा. भाजी पोचली. परत येतंय. ओव्हर."

आणि मूठ सैल केली.

"व्हय म्हाराजा!" दारातली अर्धी चाळ एका सुरात म्हणाली. खालच्या मजल्यावरूनही एक "व्हय म्हाराजा" उशिराने आला, काय चाललंय ते माहीत नसताना.

"बा म्हणूचा नाय," शेवंती म्हणाली. "मास्तर ओरडतलो. बाकी बेस. भाकरी घेया."

चार दिवसांत आगासकरांनी आपल्या वहीत 'समाधानकारक' असा शब्द लिहिला. बुधाजीने तो आनंदाला दाखवला. आनंदालाही वाचता येत नव्हतं, पण शब्द लांब होता म्हणून दोघांना बरं वाटलं.

*

पंधरा तारीख उजाडली. ठरलं होतं असं: आदल्या दिवशी बाकीच्या दोन तांडेलांची परीक्षा झाली, आज बुधाजीची. रत्नप्रभेने 'ग्लेनमूर' नावाच्या विलायती जहाजाला भाजी न्यायची. बंदराच्या मध्यावर गेल्यावर नऊच्या ठोक्याला माझगावला बोलवायचं. तिथून सोराबजी कप्तान तीन प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरं रीतसर द्यायची.

पण एवढ्या मोठ्या दिवशी डब्याला नुसताच हात कसा लावायचा? बुधाजीने नारळ आणला होता. हळदकुंकू होतं, उदबत्ती होती, आणि शेवंतीने गुंफलेला झेंडूचा भरगच्च हार. धक्का मागे पडल्यावर त्याने डब्याला कुंकू लावलं आणि हार डब्याला घालायला गेला, तर तो घसरला. डबा चौकोनी, गुळगुळीत. त्याला मान कुठली?

"हिकडं द्या," आनंदा म्हणाला. "ह्या हाताला बांधू. बोलतोय तर त्योच ना? देव कुठं, तर तोंडात."

बुधाजीला ते पटलं. आनंदाने हाराचे चार वेढे त्या हाताच्या दांड्याला घातले, लाँच हलते म्हणून करकचून आवळले आणि वर सुतळीची गाठ मारली. इंजिनवाल्याची गाठ ती, काय सांगावं! हात फुलांत पार दिसेनासा झाला. बटणही फुलांत गेलं. नुसतं गेलं नाही, चांगलं खोल दाबलं गेलं.

डब्यात इतका वेळ बारीक खरखर चालली होती. ती थांबली.

"बगलंस?" बुधाजी म्हणाला. "पूजा झाली तसो शांत झालो."

"जित्ता हाय त्यो," आनंदा भक्तीने म्हणाला.

बुधाजीने सुकाणू दोरीने सरळ बांधून ठेवलं, टोपी काढली, नारळ दोन्ही हातांत धरला आणि डब्यापुढे उभा राहिला. आठ वर्षं त्याच्या संगतीत राहून आनंदाला आपलं काम पाठ झालं होतं. तो हात जोडून मागे उभा राहिला.

"बा दर्याच्या राजा, मालवणापासून मुंबयपर्यंतच्या पाण्याच्या धन्या!"

"व्हय म्हाराजा!"

"आज हय तुजी लेकरां, बुधाजी आणि आनंदा, नारळ घेवन तुज्या पायाकडे उबी आसत."

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या डब्याची परीक्षा आसा. तेणा बोलूचा तेवा बोलांदे, गप ऱ्हवाचा तेवा गप ऱ्हवांदे."

"व्हय म्हाराजा!"

"सोराबजी कप्तान मनान वायट नाय. पण तेंका सकाळी पोट साफ जायत नाय, आणि तो राग दिसभर आमच्यावर निगता. तर म्हाराजा, तेंचा पोट मोकळा कर."

"व्हय म्हाराजा!" हे आनंदा जरा जास्तच जोरात म्हणाला.

"आगासकर मास्तर सोन्यासारको माणूस, पण लाँचीर पाय ठेवलो काय हिरवो पडता. तेका ताकद दे. माका गोदामात धाडू नको. जमीन हलणा नाय, ती माका सोसणा नाय. आणि आमचे देव आठ दिस तपेलीत बुडान आसत, तेंका पडसां जावच्या आधी निकाल लाव. आणि म्हाराजा, ही मुंबय आमच्या पदरात घाल. मुंबयसकट संयुक्त महाराष्ट्र—"

"झालाच पायजे!" आनंदा गरजला. मग जीभ चावून म्हणाला, "न्हाई, म्हंजे, व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. प्रसादाचा तुकडा चघळत दोघं नऊ वाजायची वाट पाहत बसले. वेळ होता आणि मन हलकं झालं होतं, म्हणून बुधाजीने पोट पुढे काढून कप्तानांची नक्कल केली. "बुधाजी! बोंब नको मार नी! मी बोंब मारते, तू नको मार!" आनंदा हसून हसून खाली बसला. मग आगासकरांची झाली, रुमाल तोंडाला धरून: "तांडेल, कुशल विचारायचं नाही, मला आधी कठड्याकडे न्या." ही तर त्याने दोनदा करून दाखवली.

नऊ वाजले. बुधाजीने फुलांसकट हात उचलला, तोंडाजवळ धरला आणि गाऱ्हाण्याच्या सुरात माझगावला रीतसर बोलावलं. ओव्हर म्हटलं. थांबला.

डबा गप्प.

पुन्हा बोलावलं. पुन्हा गप्प.

"बोलणत नाय रे," बुधाजी म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "रागावले काय?"

"आजून पोट साफ झालं नसंल," आनंदाने धीर दिला.

पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. बुधाजी बोलावत राहिला. ऑफिसकडे तोंड करून बोलून बघितलं, त्यानेही काही होईना. एवढं पाठ केलं, एवढा सूर लावला, आणि पलीकडून उत्तरच नाही! त्याला गोदामातलं स्टूल दिसायला लागलं. लाकडी, चार पायांचं, कधीही न हलणारं.

एव्हाना ग्लेनमूर जवळ आलं होतं. बुधाजीने डबा सोडला आणि सुकाणू धरलं. शिडीसाठी हाळी द्यायला ओंजळ तोंडाशी नेली आणि वर बघितलं तर हात तसाच राहिला. जहाजाच्या कठड्यावर माणसांची रांग लागली होती. तीस-चाळीस खलाशी, सगळे डेकवरचे, झाडू हातात, रंगाचे ब्रश हातात, एकजण अर्धी दाढी केलेला. सगळे कोकणातले. आणि सगळे रत्नप्रभेकडे बघत होते.

रत्नप्रभा शिडीखाली आली तशी ती चाळीस तोंडं एकदम उघडली.

"व्हय म्हाराजाऽऽ!"

आनंदाच्या हातातला दोर पडला.

"ओ बुधाजीनू!" जहाजाचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, बाबुराव पोट धरून वाकला होता. हा वेंगुर्ल्याकडचा, बुधाजीचा जुना ओळखीचा. "आमच्या डब्यातसून आयकतों सगळा! अकरा महिने झाले गावचा गाऱ्हाणां आयकाक नाय, आज पोटभर आयकला! कप्तानाचा पोट झाला काय साफ?"

बुधाजीला आधी कळलंच नाही. "तुमका खंय आयकाक इला?"

"माका? अख्ख्या बंदराक! अरे, तुमचा बटण दाबलेला आसा! तो हार सोडा आधी, हार!"

बुधाजीने डब्याच्या हाताकडे बघितलं. मग आनंदाकडे. मग सावकाश, एकेक करत, गेल्या अर्ध्या तासात आपण काय काय बोललो ते त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. पोट. हिरवे मास्तर. नक्कल. मास्तरांची तर दोनदा.

गाठ सुटेना. शेवटी भाजीच्या पाटीतला विळा घेऊन सुतळी कापली. झेंडू फळीवर सांडले, बटण वर आलं, आणि डबा बांध फुटावा तसा फुटला:

"—धाजी! बुधाजी! साला बटण सोड! पस्तीस मिनिट झाला, पस्तीस मिनिट मी इथे बोंब मारते! कोणी बोलू शकते नाय, कोणी ऐकू शकते नाय! बटण सोऽऽड!"

आनंदा खाली बसून सांडलेले झेंडू वेचायला लागला.

बुधाजीने डब्याचा हात उचलला. ओरडावं, माफी मागावी, पाया पडावं, सगळं एकदम जिभेवर आलं. पण माणूस फारच खाली गेला की त्याला गाऱ्हाण्याचाच सूर सापडतो. वीतभर अंतर ठेवून, खालच्या आवाजात, शब्द सुटे करत तो बोलला:

"माझगाव, माझगाव, माझगाव. धिस इज रत्नप्रभा, रत्नप्रभा, रत्नप्रभा. हार बटणाक लागलो. चूक माजी. आनंदाची नाय. ओव्हर."

आणि बोट उचललं.

मग सोराबजी कप्तानांचा आवाज आला. या खेपेला बोंब नव्हती. "रत्नप्रभा. तू कुठे हाय? माणसं किती? परत किती वाजता? ओवर."

तेच तीन प्रश्न! परीक्षा सुरू होती.

"ग्लेनमूराच्या शिडीखाली. माणसां दोन. भाजी उतरवन साडेधा वाजता धक्क्यार. ओव्हर."

वर बाबुराव सारंगाने टोपी काढून छातीशी धरली होती.

"बुधाजी, ऐक. काल दोन तांडेलची टेस्ट झाली. एक बोलला तर वाटला, माठमधी बकरी बोलते. दुसऱ्याचा पण पुन्हा पुन्हा विचारला. तुझा पस्तीस मिनिट बोललेला एकेक शब्द साफ समजला. पोटवाला पण. मी ऐकला, आगासकर ऐकला, शिपाई ऐकला. आगासकर तर खुर्चीवर बसून हिरवा झाला. सुकाणू तुझ्याकडे ऱ्हायल. दंड म्हणून आठवडाभर तूच लाँच धुवेल. हार डब्याला घाल, हाताला नाय. आणि देवाला सांग, मी इसबगोल घेते, त्याने काळजी करायची गरज नाय. ओवर!"

बुधाजीने बटण दाबलं. "व्हय म्हा—" एवढं तोंडातून निघालं, तोच त्याने ओठ आवळले आणि आगासकर मास्तरांना स्मरून म्हणाला, "कळला. ओव्हर."

वरून चाळीस जणांनी ते राहिलेलं पूर्ण केलं, आणि शिडी आपणहून खाली आली.

"तांडेल," आनंदाने खालच्या आवाजात विचारलं, "बटन सोडलं न्हवं?"

"सोडलंय."

"परत बगा."

*

संध्याकाळी चाळीच्या जिन्यावर सगळे कान लावून बसले होते. तांडेल पास झाला तर त्याची आरोळी नाक्यावरूनच ऐकू येईल असा हिशेब होता. नाक्यावरून काही आलं नाही. जिन्यावरूनही आलं नाही. बुधाजी भिंतीला हात टेकत, पाय फाकवून, मुकाट वर आला. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. गेलं सुकाणू.

शेवंती देव्हाऱ्यापुढे तपेली घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही. बुधाजी दारात थांबला. तिच्यापासून वीतभर नाही, पण दोन हातांवर. आणि हळूच म्हणाला, इतक्या हळू की मागच्या अर्ध्या चाळीला माना पुढे काढाव्या लागल्या:

"शेवंते, शेवंते, शेवंते. धिस इज बुधाजी, बुधाजी, बुधाजी. देव पाण्यातसून भायर काड. ओव्हर."

आणि तो थांबला.

शेवंतीने तपेलीत हात घातला. एकेक टाक बाहेर काढला, पदराने पुसला, देव्हाऱ्यात नीट ओळीने बसवला. सगळ्यात शेवटचा बसवून झाल्यावर तिने नवऱ्याकडे बघितलं.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. "आता टॉवेल होयो तर तां पण असाच सांगा."